लग्नात शांत, प्रसन्न भाव हवा असेल तर रंग कसे निवडावेत?

अबोली (प्रश्न)

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये माझे लग्न आहे. दादरमधील एका जुन्या सभागृहात सकाळी ११ वाजून २० मिनिटांचा मुहूर्त आहे, संध्याकाळी तिथेच स्वागत समारंभ आहे आणि दोन्हीकडची मिळून साधारण २५० माणसे असतील. आलेल्या माणसाने दिपून जाण्यापेक्षा त्याला आपल्याच घरी आल्यासारखे वाटावे आणि लग्नघराच्या गडबडीतही मनाला थोडी स्वस्थता मिळावी, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. म्हणून सजावटीसाठी आम्ही पिस्ता, फिकट जांभळा आणि मोतिया असे तीन रंग ठरवले. सजावटकाराने दाखवलेल्या छायाचित्रांत ते फार सुरेख दिसत होते.

गेल्या रविवारी आम्ही या तिन्ही रंगांची चार-चार मीटर कापडे सभागृहात टांगून पाहिली आणि सगळेच गप्प झालो. ट्यूबलाइटच्या उजेडात पिस्ता राखाडी दिसत होता, जांभळ्यातला जांभळेपणा निघून गेला होता आणि मोतिया कापड रुग्णालयात दोन खाटांच्या मध्ये ओढतात त्या पडद्यासारखे वाटत होते. फुले लागली की सगळे बदलेल, असे सजावटकाराचे म्हणणे आहे. आई मात्र बराच वेळ खुर्चीवर बसून पाहत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "इथे कार्य आहे असे वाटत नाही गं." तिचे म्हणणे मला मनापासून पटले, आणि म्हणूनच ते डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे काही रंग ठरलेलेच आहेत. मामाकडून पिवळी अष्टपुत्री येईल, हातात हिरवा चुडा असेल आणि सासरचा शालू लाल आहे. हे तिन्ही मला हवेच आहेत. मग त्यांच्या मागे आणि भोवती काय असावे, म्हणजे वातावरण शांतही राहील आणि मंगलही वाटेल? निळा रंग शांत करतो, लाल उत्कट करतो, अशी जी कोष्टके सगळीकडे वाचायला मिळतात, त्यांत कितपत तथ्य आहे? पाहुण्यांनाही विशिष्ट रंगात यायला सांगावे का?

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असे होत होते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, ८१ वर्षांची आहे. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. "मी माझी पांढरी साडी नेसून मागे बसेन, तुमच्या रंगांत माझी अडचण नको," असे ती म्हणते. ती मागे बसलेली मला चालणार नाही, पण तिला कसे सांगावे हेही कळत नाही.

पदर

अबोली, मी हिंदमाता परिसरात साड्यांच्या व्यवसायात २२ वर्षे आहे आणि लग्नाच्या खरेदीला आलेल्या कुटुंबांना रंग जुळवून देणे हेच माझे रोजचे काम आहे. तुमच्या आईंनी जे म्हटले त्यावरच विचार करावा, असे मला वाटते. कापडाचे रंग वाईट नव्हते. ते कोणत्याही समारंभाला चालतील असे होते आणि तुमच्या लग्नाशी त्यांचे नाते जुळले नव्हते, एवढेच.

आपल्या लग्नात रंगांचा एक क्रम आधीपासूनच असतो आणि भावही त्या क्रमाने चढत जातो. आदल्या दिवशी हळद लागते, सकाळी गौरीहर पुजताना अष्टपुत्रीचा पिवळा, मग अंतरपाटाचा पांढरा आणि शेवटी शालूचा लाल. पिवळ्यापासून लालपर्यंतचा हा प्रवास खरोखरच एका वस्तूतून झालेला आहे, कारण हळदीला चुन्याचा स्पर्श झाला की ती लाल होते आणि पारंपरिक कुंकू हळदीच्या याच गुणावर तयार होते. घरात चमचाभर हळद पाण्यात कालवून तिच्यात चुन्याचे एक बोट बुडवून पाहा. क्षणभरात बशीत जो रंग उमटतो, त्याच्याइतके लग्नाचे वर्णन मला दुसऱ्या कशात सापडलेले नाही. तेव्हा सजावटीने स्वतःची वेगळी गोष्ट सांगू नये, या गोष्टीला जागा करून द्यावी.

कोष्टकांबद्दल विचारलेत. रंग मनावर काहीच परिणाम करत नाहीत असे मी म्हणणार नाही, परंतु एका रंगाचा एकच भाव असे समीकरण टिकत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात रसांचे रंग दिले आहेत. त्यात शृंगाराचा रंग श्याम आहे, हास्याचा पांढरा आणि अद्भुताचा पिवळा. लाल तिथे रौद्राचा रंग आहे. त्याच लाल रंगाने आपण सवाष्णीची ओटी सजवतो, आणि तिथे कोणाला रौद्र आठवत नाही. कोणता लाल, किती, कशाच्या शेजारी आणि कोणत्या क्षणी, यावर सगळे अवलंबून असते.

शेजारचा रंग किती फरक पाडतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगते. पॅरिसच्या गोबेलिन्स या भित्तिवस्त्रांच्या कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळे सूत फिके दिसते अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा सुताच्या रंगाईत दोष सापडला नाही. त्या काळ्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते, त्यांच्यामुळे तो निस्तेज वाटत होता. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. आमच्या गादीवर हे दिवसातून दहा वेळा घडते. एकच पैठणी पांढऱ्या चादरीवर उलगडली तर गिऱ्हाईक ती बाजूला सारते, आणि तीच आमसुली साडीवर टाकली की हात पुढे येतो.

आता तुमच्या रंगांकडे पाहू. पिवळ्याच्या समोरासमोरचा रंग जांभळा आहे, त्यामुळे जांभळ्या पडद्यासमोर पिवळी अष्टपुत्री अधिकच पिवळी दिसेल आणि तुम्हाला जी स्वस्थता हवी आहे तीच जाईल. पिस्ता हिरव्याच्या घरचा असल्याने त्याच्यापुढे चुडा उठून दिसणार नाही. चुड्याला लाल लागतो. लाल शालूच्या निऱ्यांवर हात टेकलेला असताना हिरव्या बांगड्या जितक्या ताज्या दिसतात तितक्या त्या दुसऱ्या कशावरही दिसत नाहीत, कारण तिथे लाल आणि हिरवा एकमेकांना उजळतात. म्हणून मागच्या पडद्याने यात पडूच नये.

माझा सल्ला असा की सभागृहाकडे साडी म्हणून पाहावे. साडीला अंग असते, काठ असतो आणि पदर असतो. अंग शांत असले की काठ कितीही गडद चालतो, आणि सगळे कसब पदरावर असले तरी साडी भडक वाटत नाही. तुमच्या भिंती आणि छत हे अंग समजा आणि त्यासाठी श्रीखंडी रंग घ्या. तो मोतियाच्या जवळचाच आहे, पण त्यात हळदीचा हात फिरलेला असतो, त्यामुळे तो थंड पडत नाही आणि अष्टपुत्रीशी त्याचे नाते लगेच जुळते. काठ म्हणजे प्रवेशद्वार, खांब, खुर्च्यांच्या रांगांच्या कडा. तिथे एकच गडद रंग, डाळिंबी किंवा आमसुली. पदर म्हणजे जिथे तुम्ही दोघे उभे राहणार ती जागा, आणि तिथे रंग तुमच्या अंगावर असेल, पडद्यावर नको. पिस्ता आवडत असेल तर तो केळीच्या पानांतून आणि आंब्याच्या डहाळ्यांतून येऊ द्या, पानांचा हिरवा कापडासारखा मरत नाही.

फुलांचे थोडक्यात सांगते. डिसेंबरात दादरच्या फूल बाजारात शेवंती आणि झेंडू मुबलक असतात, मोगऱ्याचा मात्र तो हंगाम नव्हे आणि भाव चढलेले असतात, म्हणून पांढऱ्यासाठी निशिगंध घ्या.

दिवेलागण

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण तुमच्या रविवारच्या अनुभवात कापडाइतकाच दोष उजेडाचा होता, असे माझे मत आहे. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि लग्नांतही ते काम केले आहे.

साध्या पांढऱ्या ट्यूबचा उजेड बहुतेक वेळा ६५०० केल्विनच्या (उजेडाची छटा मोजण्याचे एकक) आसपासचा, म्हणजे निळसर असतो. पिवळसर उबदार दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात. निळसर उजेडात फिके रंग आधी मरतात, कारण त्यांच्यात रंगद्रव्य मुळातच थोडे असते. याशिवाय दिव्यांच्या वेष्टनावर सीआरआय नावाचा आकडा असतो. तो ९० च्या वर असेल तर कापड आणि माणसाची कांती दोन्ही खऱ्या रंगाच्या जवळ दिसतात. सभागृहाच्या व्यवस्थापकांना विचारून विधीच्या वेळी मंचावरच्या ट्यूब बंद ठेवता येतील का ते पाहा आणि तेवढ्यापुरते चांगले उबदार दिवे भाड्याने घ्या. संपूर्ण सजावटीचा खर्च वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि फरक अधिक जाणवतो.

मंचावर रंगीत झोत टाकण्याचा आग्रह सजावटकार हमखास करतील, तो कृपा करून मानू नका. निव्वळ निळ्या झोतात पिवळी साडी काळपट दिसते आणि हिरव्या झोतात लाल शालूची तीच गत होते. नाटकात आम्ही हे मुद्दाम करतो, लग्नात ते नकळत होते आणि छायाचित्रांत कायमचे राहते.

माझ्या मावसबहिणीचे लग्न वसईला मोकळ्या मैदानावर गोरज मुहूर्तावर झाले. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा तिचा शालू लाल होता आणि संपेपर्यंत तो काळसर दिसू लागला, तर मागची झाडे मात्र अजून स्पष्ट होती. उजेड कमी होत गेला की डोळ्याला लाल आधी अंधारतो आणि निळे-हिरवे रंग जास्त वेळ उजळ वाटतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवले होते. कोणीतरी मंडपातले दिवे वेळेवर लावायला हवे होते, आणि ते काम माझे होते. मला आजही त्याची हळहळ वाटते. तुमचा मुहूर्त सकाळचा आहे. खिडक्या असतील तर त्यांचे पडदे उघडा. आणि कापडाचे तुकडे पुन्हा पाहायला जाल तेव्हा बरोबर ११ वाजता जा, रविवारी संध्याकाळी नको.

सव्वानऊची लोकल

पाहुण्यांच्या रंगाविषयी लिहिते. नवरात्रात वृत्तपत्रांत नऊ दिवसांच्या रंगांचे वेळापत्रक छापून येते आणि आमचा महिलांचा डबा त्या त्या दिवशी एकाच रंगाचा होऊन जातो. अनोळखी बाई शेजारी येऊन बसते, दोघींच्या साड्या एकाच रंगाच्या असतात आणि बोलणे सुरू होते. करडा रंग असतो त्या दिवशीही डब्यात तितकाच आनंद असतो, म्हणजे तो आनंद करड्या रंगाचा नसून सगळ्यांनी मिळून काहीतरी केल्याचा असतो. त्यामुळे तुमच्या करवल्या आणि चुलत-मावस भावंडे यांच्यापुरता एखादा रंग अवश्य ठरवा. इतरांना मात्र सांगू नका. आमच्या नात्यातल्या एका लग्नात सगळ्यांना ठरावीक फिकट गुलाबी रंग कळवला होता आणि माझ्या काकूने, जिच्या घरी त्या वर्षी आजारपणाचा मोठा खर्च झाला होता, त्या एका दिवसासाठी नवी साडी घेतली. तिने तक्रार केली नाही. मला मात्र ते फार लागले. "तुमची सगळ्यात आवडती साडी नेसून या," एवढेच कळवले तर लोकांचे चेहरे खुलतील, आणि तुम्हाला तेच हवे आहे.

प्राजक्त

अबोली, मी तुझ्या आजीपेक्षा थोडी लहान आहे, म्हणून एकेरीत लिहिते. बाकीच्यांनी सजावटीचे फार चांगले सांगितले आहे. मी फक्त आजीच्या पांढऱ्या साडीविषयी लिहिणार आहे.

माझे लग्न १९७४ साली गिरगावात, आमच्या चाळीच्या गच्चीवर झाले. माझे वडील मी लहान असतानाच वारले होते, त्यामुळे कन्यादान काका-काकूंनी केले. आईने दोन महिने खपून सगळी तयारी केली होती, रुखवतातला एकूणएक पदार्थ तिच्या हातचा होता. लग्नाच्या दिवशी मात्र ती फिक्या राखी रंगाचे पातळ नेसून गच्चीच्या जिन्यापाशी, दाराच्या आड उभी राहिली. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, आणि मी मान वळवली तेव्हा मला दाराच्या फटीतून त्या राखी पातळाची बोटभर पट्टी दिसली. माझ्या शालूचा रंग नेमका कसा होता ते मला आता छायाचित्रावरूनही सांगता येत नाही, कारण छायाचित्रे कृष्णधवल आहेत. ती राखी पट्टी मात्र मी डोळे मिटून आजही दाखवीन. लग्नाच्या रंगांनी कोणता भाव जागा होतो असे तू विचारतेस, तर माझ्या लग्नाचा भाव तो होता.

तेव्हा हे कोणाला गैर वाटले नाही, आईलाही नाही. पुढे माझे यजमान गेले आणि त्यानंतर चार वर्षांनी मुलीचे लग्न निघाले, तेव्हा माझ्याही तोंडून आपोआप निघाले, "मी फिके काहीतरी नेसेन." मुलीने वाद घातला नाही. तिने कपाट उघडले, माझी आमसुली अंगाची, लाल काठाची इरकल बाहेर काढली, ती माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारले, "आई, ही तू कुठे घेतली होतीस?" मी सोलापूरची ती खरेदी सांगू लागले, आणि सांगता सांगता साडीची घडी कधी उलगडली ते कळले नाही. तिच्या लग्नात मी तीच साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. एका गावाला जे ठरावाने करावे लागले, ते प्रत्येक घरात कोणीतरी एकाने कपाट उघडून करायचे असते.

म्हणून आजीला "तू रंगीत नेस," असे सांगू नकोस. त्या वयात कोणी परवानगी देतो आहे असे वाटले तरी मन दुखावते. तिला विचार की तिला कोणता रंग आवडायचा. आवडतो असे नको, आवडायचा असे विचार, म्हणजे ती उत्तर देईल.

आणि एवढे करूनही तिने पांढरेच नेसायचे ठरवले तर तेही आनंदाने मान. पांढरा अशुभ नाही. मुंडावळ्यांचे मोती पांढरे असतात, तांदूळ पांढरा असतो, तुम्हा दोघांच्या मध्ये धरला जाणारा अंतरपाट पांढरा असतो आणि त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. याच मुंबईत आपल्या पारशी शेजारणी पांढरी साडी नेसूनच नवरी होतात. पांढऱ्याला जागा कोणती मिळते त्यावर तो सोवळा ठरतो की सुतकी, हे ठरते. आजीच्या साडीला बारीकसा जरीचा काठ असू दे, अंबाड्यात शेवंती माळ आणि तिची खुर्ची गौरीहराजवळ ठेव. तू अष्टपुत्री नेसून पूजेला बसशील तेव्हा तुझ्या पिवळ्याशेजारी तिचे पांढरे असेल, आणि त्याहून शांत दिसणारे काही तुझ्या सजावटकाराला आणता येणार नाही.

अबोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मंगळवारी अर्धी रजा घेऊन मी आणि आई बरोबर ११ वाजता सभागृहात गेलो. व्यवस्थापकांनी मंचावरच्या ट्यूब बंद करून पूर्वेच्या तिन्ही खिडक्या उघडून दिल्या. श्रीखंडी रंगाचे पाच मीटर कापड मंगलदास मार्केटमधून आणले होते, ते टांगले आणि त्याच्यासमोर आईची जुनी अष्टपुत्री धरून पाहिली. आई या वेळी खुर्चीवर बसली नाही, तिनेच अष्टपुत्रीचे दुसरे टोक धरले होते. पिस्ता आम्ही सोडून दिला आहे, केळीचे खुंट सांगितले आहेत. रंगीत झोत नकोत हे सजावटकाराला लेखी कळवले आहे. पाहुण्यांना काहीही कळवणार नाही, फक्त करवल्या केशरी नेसतील.

प्राजक्तताई, काल रात्री मी आजीजवळ बसून तुम्ही सांगितले तसेच विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चिंतामणी." मला तो रंग कोणता तेच ठाऊक नव्हते, तेव्हा तिने पलंगाखालची पेटी ओढायला सांगितली. तळाशी, नेफ्थलीनच्या गोळ्यांच्या वासात, चिंतामणी रंगाची एक साडी निघाली, घडीवर किंचित विरलेली, पण काठ शाबूत आहे आणि तो डाळिंबी आहे. रफू करणाऱ्याकडे शनिवारी नेणार आहे. ती नेसेन असे आजी अजून म्हणालेली नाही. पण साडी तिने परत पेटीत ठेवू दिली नाही, उशाशी ठेवली आहे.

खांबांसाठी डाळिंबी की आमसुली हे ठरत नव्हते, आता डाळिंबीच घेते. पदरताई, हिंदमात्याला येताना मी आजीच्या साडीचा काठ छायाचित्रात न आणता साडीच घेऊन येईन, तिच्याशी जुळेल असे कापड आपण दुकानाबाहेरच्या उजेडात पाहून द्याल का?